मांगाचं पान रंगवायचंय, पण टोनच्या टिंबांचं काय करायचं?

नवी_दौत

नमस्कार मंडळी. कृष्णधवल मांगाची (जपानी चित्रकथेची) पानं फोटोशॉपमध्ये रंगवायला घेतली आहेत. पुस्तक बी६ आकाराचं, म्हणजे १२८ × १८२ मिमी. स्कॅन ३०० डीपीआयला, ग्रेस्केल, जेपीईजी. रीत नेहमीचीच: मोड आरजीबी केला, पानाचा लेयर मल्टिप्लायवर ठेवला (म्हणजे पांढरं आरपार, काळं तसंच), त्याखाली नवा लेयर, मॅजिक वाँडने (सारख्या रंगाचा भाग एका क्लिकला उचलणारं साधन) भाग निवडायचा आणि बादलीने रंग ओतायचा.

चार ठिकाणी गाडी अडते:

१. रंग मळकट दिसतात, विशेषतः चेहऱ्यावर.
२. प्रत्येक रेषेच्या कडेने पांढरी किनार राहते.
३. पान लहान करून पाहिलं की कपड्यांवर जाळीजाळी दिसते.
४. काळे केस तपकिरी करायचे आहेत, पण कितीही रंग ओतला तरी ते काळेच.

रंगाचा ब्रश हातात घेण्याआधी नक्की काय काय करायला हवं?

---

टिंबमोजे

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण बाकीची निम्मी दुखणी तिथूनच येतात. दोष रंगात नाही, स्कॅनमध्ये आहे.

मांगातला करडा रंग हा करडा नसतोच, काळी टिंबं असतात. मूळ पान साधारण बी४ कागदावर काढतात, छपाईनंतर कापून उरणारा भाग २२० × ३१० मिमी. त्यावर चिकटवलेला टोन (टिंबं छापलेला चिकट पारदर्शक कागद) बहुतेक वेळा ६० लाइनचा, म्हणजे इंचाला टिंबांच्या ६० ओळी. हे पान बी६ पुस्तकात येताना १८२ भागिले ३१०, म्हणजे ०.५९ पट होतं. टिंबंही तितकीच जवळ येतात, आणि ६० लाइनचा टोन तुमच्या हातातल्या पुस्तकात १०२ लाइनचा झालेला असतो.

आता ३०० डीपीआयला स्कॅन केलंत की एका टिंबापासून पुढच्या टिंबापर्यंत जेमतेम २.९ पिक्सेल मिळतात. इतक्यात टिंब गोल उमटूच शकत नाही. काही टिंबं दोन पिक्सेलची, काही तीनची, आणि या कमीजास्तपणाचीच जाळी डोळ्याला दिसते. त्यालाच म्वारे म्हणतात. एकदा ती स्कॅनमध्ये शिरली की नीट निघत नाही.

म्हणून:

६०० डीपीआय किमान. टिंबांमधलं अंतर ५.९ पिक्सेल होतं, तेवढं पुरतं. १२०० जमलं तर उत्तम, पण फाइल चौपट होते.

ग्रेस्केल, ८ बिट. स्कॅनरचा ‘टेक्स्ट’ किंवा ‘ब्लॅक अँड व्हाइट’ मोड नको, तो स्वतःच्या मर्जीने काळं-पांढरं ठरवतो.

स्कॅनरमधलं ‘डीस्क्रीन’ (छापील टिंबं पुसण्याची सोय) बंद. ते टिंबांबरोबर रेषाही पुसट करतं.

पानामागे काळा कागद ठेवा. मांगाचा कागद पातळ असतो, पाठीमागचं चित्र आरपार दिसतं. मागे स्कॅनरचं पांढरं झाकण असेल तर जास्तच.

टिफ किंवा पीएनजी. जेपीईजी ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबतं, त्यामुळे काळ्या रेषेभोवती करडी चिलटं उडतात आणि मॅजिक वाँड नेमकी त्यांना अडखळते.

बी६ पान ६०० डीपीआयला अंदाजे ३०२४ × ४२९९ पिक्सेल होतं. आरजीबीत पूर्ण भरलेल्या एका लेयरला ३९ एमबी. मशिनमध्ये रॅम ८ जीबीच असेल तर लेयर जपून वाढवा.

---

आडवी_रेघ

पांढऱ्या किनारीबद्दल.

रेषेची कड एकदम काळी-पांढरी नसते, मध्ये करड्या पिक्सेलची एक ओळ असते. वाँडचा टॉलरन्स (किती फरकापर्यंतचा रंग सारखा धरायचा ते माप) ३२ असेल तर ती फक्त पांढरं आणि जवळपास पांढरं उचलते. करडी ओळ निवडीबाहेर राहते, तिच्याखाली रंग जात नाही आणि तीच किनार म्हणून चमकते.

वाँडचे पर्याय: अँटी-अलायस (कड मऊ करणं) बंद, कंटिग्युअस (फक्त सलग भाग निवडणं) चालू. निवड झाली की सिलेक्ट, मॉडिफाय, एक्स्पांड आणि तिथे २ पिक्सेल. मग रंगाच्या लेयरवर जाऊन ऑल्ट + बॅकस्पेस. बादली नको, तिचा टॉलरन्स आणखी वेगळा घोळ घालतो.

२ च का? मूळ पानावरची ०.२ मिमीची रेषा पुस्तकात ०.१२ मिमीच्या आसपास येते. ६०० डीपीआयला ती पावणेतीन पिक्सेल. २ ने वाढवलं की रंग रेषेच्या पोटात थांबतो. ३ केलं की बारीक रेषा ओलांडून पलीकडे गळतो, आणि गालाचा रंग केसांत घुसतो. जाड बाह्यरेषेला ३-४ चालेल, पापणीला नाही.

आणि पहिल्या फेरीत खरे रंग भरूच नका. फक्त सपाट भाग पाडा: केस हिरवे, कातडी निळी, शर्ट भडक गुलाबी, काहीही. एकमेकांहून ठळक वेगळे असले म्हणजे झालं. हा लेयर पुढे शेवटपर्यंत निवडीसाठी वापरायचा असतो. कंटिग्युअस बंद करून हिरव्यावर वाँड मारली की पानभरचे केस एका क्लिकमध्ये हातात. त्यासाठी या लेयरवर ब्रश वर्ज्य, पेन्सिल टूल वापरा. लॅसोचंही (हाताने वेढा काढून निवडायचं साधन) अँटी-अलायस बंद. एक जरी मऊ कड आली की तिथे मधले रंग तयार होतात आणि निवडीला दातरे येतात.

मागून पुढे भरत या. आधी अख्खी चौकट पार्श्वभूमीच्या रंगाने भरायची, मग शरीर, मग कपडे, मग केस, शेवटी हातातल्या वस्तू. म्हणजे मध्ये फट राहिलीच तर पांढरी दिसत नाही.

रेषा तुटलेली असेल (मांगात नाक, हनुवटी, कोपर मुद्दाम उघडं सोडतात) तर वेगळ्या लेयरवर २ पिक्सेलच्या पेन्सिलने फट बुजवा, वाँडचं ‘सॅम्पल ऑल लेयर्स’ चालू करा, काम झालं की तो लेयर बंद. मूळ रेषेवर गिरवू नका.

---

नवी_दौत

६०० ला पुन्हा स्कॅन केलं, काळा कागद लावून. जाळी गेली. पण आता प्रत्येक टिंब सुटं दिसतंय आणि वाँड मारली की टिंबांमधली चाळणी निवडली जाते. शर्टाचा एक भाग म्हणून हातात येतच नाही. ही टिंबं काढायची कशी?

---

खोडरबर

सोपा मार्ग: पानाची प्रत करा, गॉशियन ब्लर ३ पिक्सेल, मग लेव्हल्स (काळं-पांढरं कमीजास्त करायची सोय). टिंबं विरघळून करडा रंग होतो. ब्लरची त्रिज्या टिंबांमधल्या अंतराच्या निम्मी धरायची, ६ पिक्सेलला ३. मग मूळ रेषा वर मल्टिप्लाय. झालं काम.

---

टिंबमोजे

खोडरबर, ‘मूळ रेषा’ आणायच्या कुठून? त्याच पानावर टिंबंही आहेत. ब्लर केलेल्या पानावर मूळ पान मल्टिप्लाय केलं तर टिंबं परत आलीच की.

मीडियन फिल्टर, किंवा मॅक्सिममनंतर मिनिमम, हेही सुचवलं जातं. त्यात गणित आडवं येतं. ३० टक्क्यांचा टोन घ्या: ५.९ पिक्सेलच्या चौकोनाचं ३० टक्के क्षेत्र म्हणजे १० पिक्सेल, टिंबाचा व्यास ३.६. रेषा पावणेतीनची. टिंबं मरतील इतका फिल्टर लावला तर रेषा त्याआधी मरते. जाडीवरून दोघांना वेगळं करताच येत नाही.

वेगळं करता येतं ते क्षेत्रफळावरून. टिंब एकटं असतं, १०-१२ पिक्सेलचं बेट. रेषा कितीही बारीक असली तरी लांब जाते, शेकडो पिक्सेल एकमेकांना चिकटलेले. फोटोशॉपला हा हिशोब येत नाही. इमेजजे नावाचं प्रयोगशाळांमध्ये वापरतात ते मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याचं हे रोजचं काम.

स्कॅन इमेजजेमध्ये उघडा. इमेज, अॅडजस्ट, थ्रेशोल्ड: ० ते १२८, अप्लाय. पान निव्वळ काळं-पांढरं होईल. मग अॅनालाइझ, अॅनालाइझ पार्टिकल्स. साइझमध्ये १६ ते इन्फिनिटी, ‘शो’मध्ये मास्क्स. १६ पिक्सेलपेक्षा लहान बेटं गळतात, रेषा उरतात.

इथे तीन खड्डे आहेत:

एक, ‘पिक्सेल युनिट्स’वर खूण करा. स्कॅनच्या फाइलमध्ये डीपीआय लिहिलेला असतो, त्यामुळे इमेजजे माप इंचात धरतं. मग १६ म्हणजे १६ चौरस इंच होतात आणि अख्खं पान कोरं बाहेर येतं.

दोन, ‘इन्क्लूड होल्स’ बंद. चालू राहिलं तर प्रत्येक बंद आकार आतून भरला जातो. चेहरे, फुगे, खिडक्या सगळं काळं ठिक्कर. चौकटीची रेघही बंद आकारच असते, म्हणजे चौकटीच्या चौकटी डांबरल्यासारख्या.

तीन, ‘एक्स्क्लूड ऑन एजेस’ही बंद. नाहीतर पानाच्या कडेला टेकलेली प्रत्येक रेषा नाहीशी.

मिळालेला मास्क थेट रेषा म्हणून वापरू नका, त्याच्या कडा करवतीसारख्या असतात. फोटोशॉपमध्ये आणा, फिल्टर, अदर, मिनिमम १ पिक्सेल (काळं एक पिक्सेल जाड होतं), मग इन्व्हर्ट करून मूळ ग्रेस्केल स्कॅनला लेयर मास्क म्हणून लावा. खाली पांढरा लेयर. रेषा मूळच्या मऊ कडांसकट राहतात, टिंबं झाकली जातात. मास्कच असल्याने चुकून गेलेलं काहीही पांढऱ्या ब्रशने परत आणता येतं.

---

आडवी_रेघ

आणि परत आणावं लागणारच. चुकून जातं ते असं: डोळ्यातली तीट, तीळ, नाकपुड्या, दाढीचे खुंट, अश्रूच्या टोकाचा थेंब, जपानी पान असेल तर कांजीशेजारचे (जपानी चित्राक्षरांशेजारचे) बारीक फुरिगाना, म्हणजे उच्चार सांगणारी अक्षरं. उलट बाजूने, टोन कापताना रेषेला टेकलेली टिंबं रेषेबरोबर जगतात. सगळ्या शर्टाच्या कडेने मुरूम आल्यासारखे दिसतात. ते पेन्सिलने मास्कवर काळं करून मारायचे. पानाला पंधरा-वीस मिनिटं धरून चाला.

ग्रेडेशन टोनला (ज्यात टिंबं हळूहळू मोठी होत जातात) ही युक्ती चालवू नका. वरची बारीक टिंबं १६ च्या आत म्हणून जातात, खालची मोठी राहतात, आणि आकाशाच्या मध्यभागी कात्रीने कापल्यासारखी आडवी रेघ येते. ४० टक्क्यांच्या वर गेलं की शेजारची टिंबं कोपऱ्यांनी एकमेकांना टेकायला लागतात, मग ती बेटं उरत नाहीत, जाळं होतं. तिथे लॅसोने तो भाग सुटा करून खोडरबर म्हणतात तो ब्लरच बरा.

---

खोडरबर

मान्य. माझी रीत मोठ्या सपाट पार्श्वभूमीपुरती ठेवा.

---

हळदीचा_हात

सगळे टिंबं काढायच्या मागे लागलेत, पण काढायची कोणती हे आधी ठरवा. मांगाचं पान म्हणजे रंगवायच्या वहीतलं रिकामं चित्र नव्हे. उजेड-अंधाराचं काम काळ्या शाईने आणि टोनने आधीच करून ठेवलेलं असतं. त्यावर तुम्ही रंग आणि वर स्वतःच्या सावल्या टाकल्या की एकाच गालावर दोन सूर्य मावळतात.

टोन तीन कामं करतो. पहिलं, वस्तूचा स्वतःचा रंग: शाळेचा गडद गणवेश, सावळी कातडी, लाल स्कार्फ. दुसरं, सावली: मानेखाली, केसांखाली कपाळावर. तिसरं, मूड: मागची फुलं, चमक, भीतीचा काळोख, वेगाच्या रेषा.

पहिल्या प्रकारचा टोन पूर्ण काढा, त्याची जागा रंगच घेणार आहे. दुसऱ्याचा आकार ठेवा, टिंबं जाऊ द्या. तिसऱ्याला शक्यतो हात लावू नका. टिंबं तशीच ठेवून त्यांचाच रंग बदला, पान मांगासारखं राहतं.

आता मळकटपणा. ३० टक्के टोन ब्लर केला की करड्याची किंमत (० काळा, २५५ पांढरा) १७८ येते, म्हणजे २५५ चे ०.७. तो मल्टिप्लायवर ठेवला की तिन्ही रंगांना सरसकट ०.७ ने गुणतो. कातडी २५०, २२०, १९६ (लाल, हिरवा, निळा) असेल तर सावली १७५, १५४, १३७ होते. हा रंग ओल्या पुठ्ठ्याचा आहे, कातडीचा नाही. खऱ्या सावलीत नुसता उजेड कमी होत नाही, रंगाची छटाही सरकते.

शिवाय ब्लरने टोन उगाच गडद होतो. पडद्यावर लांबून पाहताना ३० टक्के टिंबं डोळ्याला साधारण २१८ च्या करड्याइतकी दिसतात, कारण डोळा प्रत्यक्ष उजेडाची सरासरी घेतो. फोटोशॉप सरासरी घेतं ती फाइलमधल्या आकड्यांची, म्हणून १७८. ब्लरनंतर लेव्हल्सचा मधला काटा २.२ च्या आसपास नेला की टोन परत मूळच्या वजनावर येतो. ‘ब्लर केल्यावर पान काळवंडलं’ ही तक्रार असते तिचं कारण हेच.

सावलीच्या टोनसाठी माझी शिफारस:

टिंबमोजेंच्या मास्कची प्रत उलटी केली की फक्त टोन उरतो. तो वेगळ्या लेयरवर घ्या. सपाट भागांच्या लेयरवरून, समजा, मानेची सावली निवडा, टोनच्या लेयरवर या, फिल्टर, ब्लर, अॅव्हरेज. निवडीतला सगळा टोन एकसंध करडा होतो. गॉशियनपेक्षा हे बरं, कारण रेषा काढलेल्या जागी पांढऱ्या भेगा असतात आणि गॉशियनमध्ये त्या फिकट पट्टे होऊन उरतात.

त्यावर ग्रेडियंट मॅप (करड्या छटांच्या जागी रंग देणारा लेयर), क्लिपिंग करून, म्हणजे फक्त त्याच लेयरपुरता. पांढऱ्या टोकाला पांढरा, आणि तुमचा करडा जिथे पडतो तिथे सावलीचा रंग. १७८ असेल तर लोकेशन ७० टक्के. लेव्हल्सने २१८ केला असेल तर ८५. तिथे २२२, १९६, २१४ ठेवा, फिकट जांभळट. लेयर मल्टिप्लायवर. वरची कातडी आता सावलीत २१८, १६९, १६४ होते. शेजारी त्या १७५, १५४, १३७ चा ठिपका ठेवून पाहा, फरक समजावून सांगावा लागणार नाही.

संध्याकाळचा प्रसंग असेल तर सावली आणखी निळ्याकडे, दिव्याखालची खोली असेल तर तपकिरीकडे. मात्र एका प्रसंगाला एकच सावलीचा रंग. चौकटीगणिक बदललात तर पान गोधडी दिसतं.

---

नवी_दौत

हळदीचा_हात, मानेची सावली जमली. गालावरच्या लाजेच्या तिरप्या रेघोट्यांचं काय? त्या काळ्याच राहिल्यात, चेहऱ्यावर ओरखडे वाटतात.

---

आडवी_रेघ

त्यासाठी रेषा पांढऱ्यापासून सुटी करावी लागेल. रेषांचं पान तयार झालं की चॅनेल्समध्ये जा, आरजीबीच्या छोट्या चित्रावर कंट्रोल धरून क्लिक करा. उजळ भाग निवडला जातो. कंट्रोल + शिफ्ट + आय ने निवड उलटी. नवा लेयर, डी दाबा (रंग काळा होतो), ऑल्ट + बॅकस्पेस, मग निवड सोडायला कंट्रोल + डी. पारदर्शक लेयरवर फक्त शाई. करड्या कडा अर्धपारदर्शक होऊन येतात, म्हणून दिसायला मल्टिप्लायसारखंच.

आता त्या लेयरचे पारदर्शक पिक्सेल लॉक करा. त्यावर ब्रश फिरवला तरी रंग फक्त रेषांनाच लागतो. गालाच्या रेघोट्यांना २१०, ११०, १०० सारखा तांबूस. नाक, ओठ, कानाच्या आतल्या रेषांना गडद तपकिरी, ९६, ४८, ४०. बाह्यरेषा काळी राहू द्या. सगळ्याच रेषा रंगवल्या तर चित्र ढिलं पडतं.

---

पिवळा_चष्मा

काळे केस रंगत नाहीत त्याचं उत्तर राहिलंच की. मल्टिप्लायमध्ये काळं म्हणजे शून्य, शून्याला कशानेही गुणा, शून्यच. खाली ओतलेला रंग वर येणार नाही. केसांवर, रेषांच्याही वर, लाइटन मोडचा लेयर घ्या आणि सपाट लेयरवरून केसांची निवड करून ५८, ३६, २८ भरा. काळं त्या तपकिरीपर्यंत उचललं जातं, पांढरी चमक पांढरीच राहते. चमकेला वेगळी हलकी छटा द्या.

पण केसांतले बटांचे काळे फराटेही त्यात एकरूप होतात. ते परत हवे असतील तर वरून हाताने ओढावे लागतात.

आणि उलटं: पानावर पांढरे सोडलेले केस म्हणजे म्हाताऱ्याचेच असतात असं नाही. टोन न लावलेले केस सोनेरी, तांबूस, फिकट तपकिरी, काहीही असू शकतात. मुखपृष्ठ आणि मासिकातली रंगीत पानं बघून ठरवा, अंदाजपंचे नको.

---

रिकामा_खिसा

फोटोशॉपचं भाडं ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी दुसरी सॉफ्टवेअरं.

क्रिता: रेषांच्या लेयरवर कलराइझ मास्क लावा. केसांत एक फराटा, गालावर एक, शर्टावर एक, पार्श्वभूमीला एक पारदर्शक ठरवलेला. अपडेट दाबलं की तो स्वतः रेषांपर्यंत रंग पसरवतो, तुटलेल्या रेषांसाठी ‘गॅप क्लोज हिंट’ आहे. टोन काढल्याशिवाय लावू नका, प्रत्येक टिंबाला तो रेषाच समजतो आणि मशीन धापा टाकतं. जमलं की मास्क पेंट लेयरमध्ये बदलून घ्या.

गिंप: २.१० मालिकेपासून बादलीतच ‘लाइन आर्ट डिटेक्शनने भरा’ असा पर्याय आहे, जास्तीत जास्त किती फट बुजवायची तेही सांगता येतं. रेषा सुट्या करायला कलर्समध्ये ‘कलर टू अल्फा’, पांढरा निवडून; पांढरं पारदर्शक होतं. चॅनेलची कसरत लागत नाही.

क्लिप स्टुडिओ विकत घ्यावं लागतं, पण फट बुजवणारी बादली त्यातली सर्वात शहाणी.

---

झटपट_झुणका

हे सगळं एआयला का देत नाही? रेषाचित्र आपोआप रंगवणारं पेंट्सचेनर २०१७ मध्येच आलं. पान द्या, रंगीत घ्या.

---

हळदीचा_हात

एका सुट्या चित्राला ठीक. पानाला नाही. पहिल्या चौकटीत निळा असलेला कोट तिसऱ्या चौकटीत करडा, संवादाच्या फुग्यात कातडीचा रंग गळलेला, टोनची टिंबं म्हणजे कापडाचा पोत समजून त्याची नक्षी केलेली. दुरुस्त करायला बसलात तर भाग हातानेच पाडावे लागतात, आणि भाग पाडणं हेच तर निम्मं काम होतं. फोटोशॉपचा कलराइझ न्यूरल फिल्टर जुन्या फोटोंसाठी आहे, रेषाचित्रावर तो सगळं फिकट तपकिरी करून देतो.

रंगांच्या कल्पना सुचवायला वापरा. लहान आकारात चार पर्याय काढून बघायला वाईट नाही.

---

छापखान्यातला

पान पुढे कागदावर छापायचं असेल तर आधीच ऐका, शेवटी ऐकून उपयोग नाही.

आरजीबीत सगळं चपटं करून मग सीएमवायके (छपाईच्या निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या शाया) केलंत की काळी रेषा चार शाया मिळून बनते. फोटोशॉपच्या ‘यूएस वेब कोटेड स्वॉप’ प्रोफाइलमध्ये शुद्ध काळं ७५, ६८, ६७, ९० होतं, एकूण ३०० टक्के शाई. ०.१२ मिमीच्या रेषेवर चार प्लेटा अचूक बसणं ऑफसेटवर अवघड. प्लेट केसभर सरकली की पापणीला गुलाबी-निळी सावली येते आणि अक्षरं धूसर होतात.

म्हणून रेषांचा लेयर बंद ठेवून फक्त रंग एकत्र करा, सीएमवायकेमध्ये न्या. नंतर रेषांचा सुटा लेयर आणा, पारदर्शकता लॉक करून ०, ०, ०, १०० ने भरा, मल्टिप्लायवर ठेवा. मल्टिप्लायमुळे रेषेखाली रंग तसाच राहतो, प्लेट हलली तरी पांढरी फट उघडत नाही. तांबूस-तपकिरी केलेल्या रेषा वेगळ्या लेयरवर काढून ठेवा, त्या या नियमातून सुटतात. मोठे काळे भाग (रात्रीचं आकाश, काळा कोट) नुसत्या काळ्या शाईने राखाडी छापले जातात, त्यांच्याखाली निळा ४० टक्के घाला.

रंग ३५० डीपीआयला पुरतो, रेषा ६०० च्या खाली आणू नका.

---

पिवळा_चष्मा

वेबवर टाकायचं असेल तर उलट क्रम लक्षात ठेवा: मूडसाठी टिंबं राखून ठेवली असतील तर पान लहान करताना जाळी परत येईल. ४२९९ वरून १६०० पिक्सेल उंची म्हणजे ०.३७ पट, ५.९ चं अंतर २.२ वर आलं. त्या टिंबांच्या लेयरवर आधी थोडा ब्लर देऊन मग लहान करा, नाहीतर ती टिंबं काढून लहान केलेल्या पानावर नव्याने मोठी टिंबं भरा. पिक्सेलेटमधलं कलर हाफटोन किंवा बिटमॅप मोडचं हाफटोन स्क्रीन, दोन्हीने होतं.

---

नवी_दौत

एक शंका. सरावाची रंगवलेली पानं इथे धाग्यावर टाकली तर चालेल का? जपानी प्रकाशकांची भीती वाटते.

---

टिंबमोजे

घरी सराव करा, कुणी विचारत नाही. जाहीर टाकणं वेगळं. रंग चढवणं म्हणजे मूळ कृतीत बदल, आणि जपानी कायद्यात कृती अबाधित ठेवण्याचा हक्क लेखकाकडेच असतो.

मोकळं साहित्य हवं असेल तर शुहो सातो यांनी ‘ब्लॅक जॅक नि योरोशिकु’ २०१२ मध्ये दुय्यम वापरासाठी खुलं केलं, कृतीचं आणि लेखकाचं नाव द्यावं लागतं. अटी एकदा वाचून घ्या. इस्पितळातली गोष्ट आहे, पांढरे कोट आणि हिरव्या भिंती, म्हणजे रंगांचा सराव कठीण आणि उत्तम. जुनं हवं असेल तर राकुतेन किताझावा: निधन १९५५, भारतात मृत्यूनंतर ६० वर्षांचा हिशोब धरला तरी मुदत संपलेली. मात्र त्यांच्या कामात चिकटटोन नाही, सगळा पेनचा आणि ब्रशचा खेळ. टिंबांची कटकटच नाही, पण आडव्यातिडव्या रेघांच्या सावल्या आहेत, त्या क्षेत्रफळाच्या चाळणीतून जात नाहीत.

---

आडवी_रेघ

त्या रेघांच्या सावल्यांना रेषाच समजा, काढू नका. लॉक करून गडद तपकिरी करा आणि खाली सपाट रंग फक्त एक पायरी गडद. वरून वेगळी सावली दिलीत तर तो भाग डागासारखा दिसतो.

नवी_दौत, पान टाकाल तेव्हा तीन चित्रं टाका: स्कॅन, टोन काढलेलं पान, सपाट भाग. रंगीत पान शेवटी. चूक असते ती बहुतेक दुसऱ्या चित्रातच.